पंडिता रमाबाई आणि गंगाळातलं पाणी

आजचं वाचन : योहान १३:१-१७



पवित्र गुरुवारी आमच्या मंडळीत पाय धुण्याचा विधी असतो. बारा जण पुढे खुर्च्यांवर बसतात आणि पाळकसाहेब गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतात. मागे एकदा त्या बारांमध्ये माझाही नंबर लागला होता. खरं सांगतो, घरून निघताना मी पाय साबणाने घासून घासून धुतले, नखं कापली, नवे मोजे घातले. तिथे जाऊन बघतो तर बाराही जणांचे पाय चकाचक! पाळकसाहेबांनी जे धुतलं ते आम्ही आधीच धुऊन आणलेलं होतं.

शिष्यांचे पाय असे नव्हते. दिवसभर धुळीच्या रस्त्यांवरून चाललेले, वहाणांच्या पट्ट्यांखाली मळ साचलेले ते पाय होते. घरातल्या सगळ्यात खालच्या चाकराच्या वाट्याला येणारं ते काम. म्हणून तर पेत्र इतका अवघडला.

पण या अध्यायातल्या तिसऱ्या वचनावरून मी कित्येक वर्षं नुसतीच नजर फिरवून पुढे जात होतो. पाय धुण्याची गोष्ट सुरू करण्याआधी योहान मुद्दाम सांगतो, की आपण कोण, कुठून आलो आणि आपल्या हाती काय सोपवलेलं आहे, हे येशूला पक्कं माहीत होतं. त्यानंतर तो जेवणावरून उठतो आणि कंबरेला रुमाल बांधतो. म्हणजे स्वतःला क्षुल्लक समजून तो खाली बसलेला नाही. आपण कोण आहोत हे पूर्ण ठाऊक असलेला माणूस खाली बसला आहे.

आज ५ एप्रिल. १९२२ साली याच दिवशी केडगावला पंडिता रमाबाई प्रभूकडे गेल्या. या वाचनाबरोबर त्यांचं आयुष्य घ्यावं असं वाटलं, त्याला एक कारण आहे. त्यांना जवळून ओळखणाऱ्या बऱ्याच लोकांचं मत होतं की ही बाई फार गर्विष्ठ आहे.

माझं उलट आहे. ऑफिसात मी नम्र म्हणून प्रसिद्ध आहे. मॅनेजरला नाही म्हणत नाही, मीटिंगमध्ये आवाज चढवत नाही. ही नम्रता कितपत खरी आहे त्याबद्दल पुढे सांगतो. आधी रमाबाई.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. आज तो भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी एकच गुन्हा केला, बायकोला संस्कृत शिकवलं. त्या काळात तो खरोखरच गुन्हा होता, धर्मपीठापुढे त्यांना त्याचा जाब द्यावा लागला. शास्त्रांतले आधार काढून त्यांनी आपली बाजू मांडली, पण गावात राहण्यापेक्षा रानात आश्रम थाटणं पसंत केलं. आल्यागेल्याचं आदरातिथ्य करता करता कर्ज झालं, जमीन गेली. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणलं आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. ती यात्रा पुढे वर्षानुवर्षं चालूच राहिली.

देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं आणि श्रोते देतील त्यावर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता. रमाला आई शिकवायची. पहाटे अंधार असतानाच तिला उठवायची आणि दिवसाची कामं सुरू व्हायच्या आत पाठ घ्यायची. पाटी नाही, पुस्तक नाही, ऐकायचं आणि म्हणायचं. अशी शिकलेली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होईतो भागवत तोंडपाठ म्हणू लागली.

मग दक्षिणेतला दुष्काळ आला. त्याबद्दल रमाबाईंनी नंतर जे लिहून ठेवलं आहे, ते वाचताना मी थांबलोच. उपासमारीचा दोष त्यांनी फक्त पावसावर टाकलेला नाही. आपल्याला भीक मागायची लाज वाटत होती आणि मजुरी करायचीही लाज वाटत होती, हे त्यांनी सरळ कबूल केलं आहे. उच्च जात आणि मोठी विद्या, या दोन्हींचा अभिमान पोटापेक्षा मोठा झाला होता. दागिने विकले, भांडी विकली, दानधर्म आणि अनुष्ठानं मात्र चालू ठेवली. शेवटी सगळं संपल्यावर मरण येईल तर येवो म्हणून हे लोक तिरुपतीच्या बाजूच्या रानात जाऊन राहिले. अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर. तिथे म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या वडिलांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन निरोप घेतला.

थोड्याच अवधीत आई गेली. स्मशान कोसभर लांब आणि खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं मिळाली, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. ती ठेंगणी होती, तिरडी खांद्यावर घेतली तर एका बाजूला कलंडत होती. म्हणून आईची तिरडी तिने डोक्यावर घेतली आणि तशीच चालत गेली. पुढे मोठी बहीणही गेली. उरलेले दोघं बहीणभाऊ भारतभर पायी हिंडले, हजारो मैल, अंगावर धड पांघरूण नाही अशा थंडीत.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि चकित होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर ती एका रात्रीत व्हायरल झाली. जिथे जाईल तिथे सभा, सत्कार, हारतुरे. काही वर्षांपूर्वी हीच मुलगी पाला खाऊन जगली होती. इथे एखाद्याचं डोकं फिरलं असतं, आणि खरं तर मी त्याला दोषही दिला नसता.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते बंगाली, दुसऱ्या जातीचे, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार. त्यांच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनसमोर साक्ष दिली, की मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात. हे बोलायला त्यांना कुणी परवानगी दिली नव्हती आणि त्यांनी मागितलीही नाही.

१८८३ मध्ये मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. उद्देश वैद्यकीय शिक्षणाचा होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेज इथल्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे फुलहॅमची गोष्ट येते, आणि माझ्या मते रमाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य इथे वळलं. वाँटेजच्या भगिनींचं लंडनच्या फुलहॅम भागात एक काम होतं. रस्त्यावरच्या, समाजाने टाकून दिलेल्या बायकांना आसरा देण्याचं. अशा बाईकडे बघायचंही नाही, तिची सावलीसुद्धा नको, हेच रमाबाईंनी लहानपणापासून ऐकलं होतं. आणि इथे चांगल्या घरच्या, शिकलेल्या बायका त्यांच्यासाठी आयुष्य घालवत होत्या, तेही दया दाखवतोय अशा थाटात नव्हे. याचं कारण त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय उघडून शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटीच आलेली, पाच नवऱ्यांची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. इतके दिवस वाद घालून जे समजलं नव्हतं ते तिथे समजलं, असं त्यांनी नंतर लिहिलं आहे.

पण बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई गरीब गाय झाल्या नाहीत. भगिनी जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आई. या दोघींचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात मिळतो. जरूर वाचा, आपल्या कुठल्याही वादापेक्षा तो जोरदार आहे. मंडळी सांगते म्हणून एखादा सिद्धांत मानायला रमाबाई तयार नव्हत्या. पवित्र शास्त्रात स्वतः वाचून पटेल तेवढंच. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, ती त्यांना नको होती. भारतातल्या बाईने घालायच्या क्रुसावर आपली भाषा का नसावी, हा त्यांचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण मुलांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिचं वजन कमी होईल म्हणे. लहानपणी बापाच्या शेजारी बसून भर सभेत पुराण सांगितलेल्या बाईला हे सांगायचं!

भगिनी जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. मनमानी वाटली, हट्ट वाटला. नव्या विश्वासणारीने आधी आज्ञा पाळायला शिकावं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं आणि त्यांचं रमाबाईंवर प्रेमही होतं, हे विसरून चालणार नाही. पण पत्रं वाचताना मला सारखं वाटत राहतं की त्या नम्रता आणि आज्ञाधारकपणा एकच समजत होत्या. आपणही तेच करतो. देवळाच्या आवारातले चौरंग उलथवणारा आणि हेरोदापुढे एक शब्दही न बोलणारा येशू आपल्या नम्रतेच्या व्याख्येत बसतच नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या, दोन वर्षांहून जास्त राहिल्या. देशभर भाषणं केली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ते विकून पैसा उभा केला. बोस्टनमध्ये मदतीसाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं, विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

आणि १८९३ मध्ये सगळं कोसळायची वेळ आली. शारदा सदनात धर्मप्रचार होणार नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई मनोरमाबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, असा आग्रह झाला. त्यांनी लावलं नाही. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि वीसेक मुलींना पालक घरी घेऊन गेले. आपल्या मंडळ्यांमधल्या भाषणांत ही गोष्ट नेहमी शूरवीराच्या थाटात सांगितली जाते. मला तसं सांगता येत नाही. पालकांनी विश्वासाने पोरी पाठवल्या होत्या, त्यांची शंका काही मूर्खपणाची नव्हती. उघड्या दाराने मुलींवर परिणाम होणारच. आणि आईला आपल्या मुलीबरोबर आपल्याच खोलीत दार लावून प्रार्थना करायला सांगणं, हेही बरोबर वाटत नाही. दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवतो.

एक गोष्ट मात्र याच्या दोन वर्षं आधीची. १८९१ मध्ये त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती, जगभर नाव झालं होतं, संस्था चालू होती. एवढं सगळं असताना आपण अजून सुरुवातीलाच आहोत हे स्वतःशी कबूल करायचं, आणि नंतर ते लिहून छापायचंही. भगिनी जेराल्डीन यांना ज्या बाईत गर्व दिसत होता तीच ही बाई.

१८९६ च्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या पाठीशी अमेरिकेतून मिळालेली दहा वर्षांची हमी होती, तिची मुदत संपत आली होती. पुढे संस्था स्वतःच्या पायावर चालावी म्हणून फळबागेसाठी त्यांनी पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावला शंभर एकर जमीन घेतली होती. शहाण्या माणसाने या वेळी खर्च आवरला असता. पण दुष्काळाच्या बातम्या वाचताना त्यांना ते अकरा दिवस आठवले. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या.

तिथे पाहिलं ते त्यांनी लिहून ठेवलंय. हाडांचे सापळे झालेल्या मुली, सरकारी अन्नछत्रांवर त्यांना गाठणारे नराधम, एकेका घासासाठी विकल्या जाणाऱ्या पोरी. या फेरीतून सुमारे तीनशे मुली आल्या. प्लेगमुळे पुण्यात एवढ्या मुली ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून केडगावच्या मोकळ्या माळावर झोपड्या आणि तंबू उभारले. त्यातून मुक्ती सदन झालं.

थोडं थांबून डोळ्यांपुढे आणा. शारदा सदनातल्या मुली बहुतेक ब्राह्मण घरातल्या, शिकलेल्या, टापटीप. आणि या नव्या मुली सगळ्या जातींच्या, उवांनी भरलेल्या, अंगावर फोड, कुणाला अन्न पचत नाही, कुणी रात्री अन्न चोरून लपवून ठेवतेय, कुणी ओरबाडतेय. त्यांचं डोकं धुवायचं, जखमा बांधायच्या, घाण काढायची. हे काम रमाबाईंनी मोठ्या मुलींना वाटून दिलं आणि स्वतःही केलं. इथले पाय कुणी घरून धुऊन आलेले नव्हते.

त्याच सुमारास पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी उघड पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं. गव्हर्नरकडून आरोप फेटाळले गेले, रमाबाई मागे हटल्या नाहीत. म्हणजे बिशप, पुढारी, गव्हर्नर, कुणासमोरच ही बाई वाकली नाही. वाकली ती केडगावच्या माळावर, खरजेने भरलेल्या डोक्यांवर.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढी माणसं रोज जेवायची. विहिरी खणल्या, शेती, गाई, विणकाम, तेलघाणा, शिवण, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली. आणि फुलहॅम लक्षात आहे ना? मुक्तीत एक कृपा सदन निघालं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. १९०५ मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक संजीवन झालं, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे थांबत नाही. मला जास्त ओढ आहे ती त्याच काळात सुरू झालेल्या एका शांत कामाची.

रमाबाईंच्या लक्षात आलं होतं की मराठी बायबल या मुलींना कळत नाही. अक्षरं नुकतीच लागलेली. भाषांतर संस्कृतप्रचुर, मोठमोठे शब्द. तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकू लागल्या. ऐकू आधीच कमी यायचं. मूळ भाषांतून सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायचं, खेड्यातल्या बाईला कुणाला न विचारता वाचता आलं पाहिजे, एवढाच हेतू. जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं.

यातलं अवघड काय, ते लगेच लक्षात येत नाही. हिब्रू शिकणं अवघड आहेच. पण विचार करा, ही बाई सरस्वती होती. संस्कृत तिच्या तोंडात आईच्या दुधाबरोबर आलं होतं. पहाटेच्या अंधारात आईने शिकवलेलं, बापाने ज्याच्यासाठी गाव सोडलं ते संस्कृत. लॅटिन अक्षरांपुढे ज्याचा मान तिने राखला ते संस्कृत. प्रत्येक ओळीत एक सुंदर, भारदस्त शब्द हाताशी असणार, आणि प्रत्येक ओळीत तो बाजूला ठेवून चुलीजवळचा शब्द घ्यायचा. अठरा वर्षं रोज. योहान सांगतो की येशूने आधी अंगावरचं वस्त्र काढून ठेवलं. मला ते वचन आता या टेबलाशी जोडूनच आठवतं.

आता माझ्या नम्रतेचं सांगतो. आमच्या टीममध्ये एक मुलगी नवीन आली होती. लहान गावातलं कॉलेज, शाळा मराठी माध्यमाची. तिने मला एक गोष्ट तिसऱ्यांदा विचारली. मी ग्रुपवर सगळ्यांसमोर डॉक्युमेंटची लिंक टाकली आणि खाली गोड इंग्रजीत एक ओळ लिहिली, आधी वाचून घेतलं तर सर्वांचाच वेळ वाचेल अशा अर्थाची. एक स्मायलीसुद्धा टाकली. दोघातिघांनी अंगठे दिले. त्यानंतर तिने मला कधीच काही विचारलं नाही. ते डॉक्युमेंट मीच लिहिलेलं होतं आणि खरं सांगायचं तर ते समजावं म्हणून लिहिलेलं नव्हतं. मला किती येतं ते दिसावं म्हणून लिहिलेलं होतं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्या नम्रतेचा खास उल्लेख आहे.

मागच्या महिन्यात मी ते डॉक्युमेंट उघडलं. चार संध्याकाळी गेल्यात, निम्मंसुद्धा झालेलं नाही. सोपं लिहिणं किती अवघड असतं हे आत्ता कळतंय. त्या मुलीला मेसेज करायचा आहे, अजून केलेला नाही.

असो. रमाबाईंचं भाषांतर फार सुबक आहे असं नाही. मुळाला शब्दशः धरून राहण्याच्या नादात काही ठिकाणी वाक्यं अडखळतात. मंडळ्यांमध्ये ते फारसं रुजलंही नाही. तुमच्या-माझ्या घरात आहे ते बायबल सोसायटीचं. जगातला मान म्हणाल तर १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं. त्या प्रुफं तपासत राहिल्या.

मनोरमाबाई आता चाळिशीच्या होत्या. वेताच्या पेटीतल्या त्या बाळाचं हे बाळ, इंग्लंड-अमेरिकेत शिकून आलेलं, आईचा उजवा हात. आईनंतर मुक्ती सांभाळणार त्या मनोरमाच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं. २४ जुलै १९२१ ला मिरजेला त्या वारल्या. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी.

रमाबाई पुन्हा टेबलाशी बसल्या. शेवटची प्रुफं बाकी होती. तेवढा वेळ दे, असं त्यांनी प्रभूकडे मागितलं होतं, असं मुक्तीतल्या बायका सांगायच्या. प्रुफं संपली आणि ५ एप्रिल १९२२ ला, झोपेतच, त्या गेल्या. चौसष्ट पूर्ण व्हायला अठरा दिवस कमी होते.

ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली, बांधणी केली, ती मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी. त्यांच्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या होत्या आणि केडगावला आल्या तेव्हा त्यांना एकही अक्षर येत नव्हतं.

उद्याचं वाचन : फिलिप्पैकरांस पत्र २:१-११